उंबऱ्याअगोदर ठरवायचं

मद्रासमधल्या वेस्ट मांबलमच्या त्या गल्लीत जयंतीला ओळखत नाही असा माणूस नाही, आणि ती नेमकं करते काय हे ठाऊक असलेला माणूसही नाही. इस्त्रीवाल्याच्या मते ती बँकेत आहे. समोरच्या मामींच्या मते ती कॉम्प्युटर दुरुस्त करते, म्हणून त्यांचा प्रिंटर अडला की तो उचलून थेट हिच्या दारात. जयंती बिचारी हाताला शाई लावून घेऊन तोही चालू करून देते. समजावून सांगायचा नाद तिनं केव्हाच सोडला.

तुम्हाला मात्र थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. एक दांडगा कॉम्प्युटर घ्या. त्याच्या पोटात पंधरा-वीस लटके कॉम्प्युटर चालतात, आणि त्यातल्या प्रत्येकाला वाटतं, आपण खरेखुरे, एकटेच. या लटक्यांना त्या धंद्यात गेस्ट म्हणतात आणि दांडग्याला होस्ट. गेस्टना सांभाळणारा जो प्रोग्राम होस्टच्या अगदी तळाशी, कर्नलमध्ये, बसलेला असतो, तो हायपरव्हायझर. जयंती तिथं काम करते, तळाशी. आणि यातली खरी जादू अशी की चालता गेस्ट एका होस्टवरून उचलून दुसऱ्यावर ठेवता येतो. गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही. लागला तर जयंतीचा फोन वाजतो!

ही जादू तिला आयती मिळालेली नाही. तंजावरची मुलगी, गणितात बीएस्सी, लग्न होऊन मद्रासला आली आणि स्वयंपाकघरात अडकली. घरात जुन्या वळणाची मराठी, दाराबाहेर तमिळ, आणि शहराची इतकी धास्ती की कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची तरी सोबत लागायची. तिला बाहेर काढलं ते सासऱ्यांनी. व्यंकोजीराव रेल्वेत सिग्नल खात्यात होते. सूनबाई नातवंडांच्या कोड्यांच्या पुस्तकातली कोडी चोरून सोडवते, हे त्यांनी पाहिलं आणि एक दिवस छत्री उचलून म्हणाले, "चल, चप्पल घाल." कॉम्प्युटरच्या क्लासला नाव घातलं, आणि ती आत शिकत असेतो हे बाहेर पायरीवर बसून. रोज! क्लासमधल्या पोरी हसायच्या. व्यंकोजीराव ढिम्म. "मी सिग्नलवाला. गाडी येस्तोवर बसायची सवय आहे मजला," म्हणायचे. जयंतीचा या माणसावर जीव आहे, आणि ती ते लपवत नाही.

तर आता हे मामंजी ऐंशीच्या पुढे गेलेत आणि दोन घरांत राहतात. थोरला कृष्णकांत, म्हणजे जयंतीचा नवरा, मांबलमला. धाकटा शेषाद्री श्रीपेरुंबुदूरला, गाड्यांच्या कारखान्याजवळच्या नव्या कोऱ्या फ्लॅटमध्ये. एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत एक घर, मग दुसरं. अमावास्येला पिशवी भरायची आणि निघायचं. जयंतीच्या ऑफिसातला मंदार पुण्याचा. तो हे ऐकून दचकलाच. "अमावास्येला प्रवास? आमच्याकडे त्या दिवशी कुणी नवा साबणसुद्धा काढत नाही!" जयंती म्हणाली, "मग पुण्यात काढू नका. इथं अमावास्या चांगली."

सगळं झकास चाललं होतं, आणि दांडीनं घोळ घातला.

शेषाद्रीची बायको रत्नप्रभा हौशी. नव्या घरी तिनं म्हाताऱ्यासाठी काय काय केलं होतं! हात धरला की आपोआप पाणी सोडणारा नळ, पाय टाकला की आपोआप लागणारा दिवा, आणि न्हाणीघराच्या भिंतीवर धरायला स्टीलची जाड दांडी. मामंजी महिनाभर तिथं राजासारखे राहिले आणि ठरल्या अमावास्येला मांबलमला आले. पहिल्या सकाळी नळाखाली हात धरून उभे. जयंती कॉफीचं डिकॉक्शन ओतता ओतता बघतेय, मामंजी नळाशी हात जोडून काय मागतायत! सगळे हसले, तेही हसले. पण दोन दिवसांनी न्हाणीत पाय जरा सरकला, हात सवयीनं भिंतीकडे गेला, आणि भिंतीवर दांडी नव्हती. नशीब बलवत्तर म्हणून भिजवलेल्या चादरींच्या बादलीवर पडले. कंबर मुरगळली तेवढीच.

दोघे भाऊ धावत आले आणि दोघांनी मिळून निकाल दिला: फिरणं पुरे. अण्णांनी यापुढे कायम श्रीपेरुंबुदूरलाच राहायचं. सगळ्या सोयी तिथं आहेत.

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. तिकडे नात होती हे खरं, पण इकडे मांबलम स्टेशन होतं. पुलावर उभं राहून जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांचे सिग्नल तपासल्याखेरीज त्यांची कॉफी पचायची नाही. "दोन्ही घरं माझीच की," एवढंच ते म्हणाले. जयंती नवऱ्यावर ओरडली, "सोय आहे म्हणून माणूस एका जागी खिळवून ठेवायचा? ही कुठली रीत?" कृष्णकांत म्हणाला, "अक्कल चालव. पुन्हा पडले तर?" दुसऱ्या दिवशी धाकटा येऊन वडिलांना घेऊन गेला.

लगेचच्या सोमवारी ऑफिसात राममूर्तींनी अगदी हाच निकाल दिला, तोही तिच्या गेस्टबद्दल.

राममूर्ती तिचे साहेब. भला माणूस, पण भानगड नको असलेला. झालं असं होतं, की कंपनीकडे काही होस्ट नवे, काही जुने. नव्या होस्टच्या हायपरव्हायझरकडे चार सोयी जास्त. गेस्ट सुरू होताना विचारतो, "तुमच्याकडे काय काय आहे?" आणि कर्नल मोठेपणानं असेल-नसेल ते सगळं सांगून टाकतं. गेस्ट त्या सोयींवर विसंबतो. मग त्याला चालता चालता जुन्या होस्टवर नेलं, की तो तीच सोय मागायला हात पुढे करतो, तिथं काहीच नसतं, आणि गेस्ट आडवा. अशी बरीच गिऱ्हाइकं आडवी झाली होती.

"नव्यावर सुरू झालेला गेस्ट जुन्यावर न्यायचाच नाही," राममूर्ती म्हणाले. "विषय संपला."

"अय्यो, साहेब! मग हलवायची जादू शिकलो कशाला?" जयंती उसळली. मीटिंगमध्ये तिचा आवाज असा चढलेला कुणी ऐकला नव्हता. मंदार खुर्चीत सरळ बसला.

तिचं म्हणणं साधं होतं. गेस्ट पुढे कुठं कुठं जाणार, हे कर्नलला ठाऊक नसतं. ते ठाऊक असतं वरच्या प्रोग्रामला, जो गेस्टला सुरू करतो आणि हलवतो. हा वरचा मजला म्हणजे युजर-स्पेस. तेव्हा गेस्टला कोणत्या सोयी दाखवायच्या आणि कोणत्या झाकायच्या, हे त्यालाच ठरवू द्या. जुन्या होस्टवर जाणारा असेल त्याला दोन्हीकडे असलेल्या सोयीच दाखवा. जे पाहिलंच नाही ते तो मागणार नाही, आपला जुन्या पद्धतीनं काम भागवेल. आणि वरच्यानं काहीच सांगितलं नाही तर पूर्वीसारखं सगळं दाखवा, म्हणजे कुणाचं अडायला नको.

राममूर्तींनी डोकं खाजवलं. "कर्नल काही आपल्या घरचं नाही. जगभरची माणसं त्यात हात घालतात. त्यांनी तुझा बदल घेतला, तर मी माझा नियम मागे घेतो. सेरी? ठीक?"

"सेरी," जयंती म्हणाली, आणि कामाला लागली. बदल लिहिला, तपासला, जगाच्या पुढ्यात ठेवला. तिकडून परीक्षकाचं उत्तर आलं ते असं: कल्पना बरी आहे, पण गेस्ट चालू असताना कुणी वरून सोय काढून घेतली तर काय? हे असं घेता येणार नाही.

जयंतीचा पारा चढला. "चालत्या गेस्टच्या हातातून सोय काढून घेणारा येडा जगात आहे तरी कोण?" ती मंदारला म्हणाली. "उगाच खुसपटं!" मंदार म्हणाला, "ताई, तुमच्या तोंडी 'येडा' छान वाटतो. एरवी तुम्ही बखरीतल्यासारखं बोलता." ती त्यावर हसली नाही, इतकी चिडली होती.

त्या संध्याकाळी रत्नप्रभाचा फोन आला. मामंजी जेवत नाहीत धड, खिडकीशी बसून असतात, अक्का तूच काहीतरी सुचव. जयंतीच्या डोक्यात दिवसभर तेच घोळत होतं, तिनं सांगून टाकलं, "रत्ना, चूक कुणाचीच नाही गं. एका घरी जे आहे ते दुसऱ्या घरी नाही, एवढंच. दोन्हीकडे सारखंच दिसलं पाहिजे. मग बघ, कसे आरामात फिरतात."

"एवढंच ना!" रत्नप्रभा म्हणाली.

सांगितलं ना, हौशी बाई. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास जयंती ऑफिसच्या बसमध्ये चढतेय तोच फोन, आणि फोनवर रत्नप्रभा नाही, साक्षात व्यंकोजीराव गरजत होते.

"जयंती! तुझी जाऊ खुळी झाली की काय? काल न्हाणीत दांडी होती, आज नाही! मिस्त्री बोलावून काढविली म्हणते. तू सांगितलंस म्हणे! दाराची कडी धरली म्हणून वाचलो!"

मागून रत्नप्रभा रडकुंडीला येऊन सांगत होती, "अक्का, तुझ्या घरी दांडी नाही ना, म्हणून मी इथलीही काढली! दोन्हीकडे सारखं!"

"लागलं नाही ना मामंजी? खरं सांगा!" जयंतीनं फोनमध्ये ओरडून विचारलं.

"लागायचं काय, मी ठणठणीत. पण अगं, मी राहायला आल्यानंतर काढतात का? काढायची तर मी यायच्या आधी काढा, मी बघून पाय टाकीन. रुळावर गाडी असताना मार्ग बदलायचा सांधा हलवतात का कुणी? आमच्याकडे तर हलायचाच नाही. गाडी आत शिरली की सांधा कुलूपबंद. केबिनवाल्याला लिव्हर कितीही ओढू दे."

जयंती बसच्या पायरीवर तशीच उभी. मागची माणसं "अम्मा, आत सरका" म्हणून ओरडतायत आणि ही बाई हसायला लागली. हसता हसता डोळ्यांत पाणी. चालत्या गेस्टच्या हातातून सोय काढून घेणारा येडा जगात होता. तिच्या सख्ख्या जावेच्या रूपात होता, आणि त्याला सल्ला तिनं स्वतःच दिला होता!

ऑफिसात पोचताच तिनं आपलाच बदल पुन्हा उघडला. चिडण्याच्या भरात जे दिसलं नव्हतं, ते आता डोळ्यांत खुपत होतं. सोयी दाखवायचं-झाकायचं बटण कधीही दाबता येत होतं. तिनं कुलूप घातलं. गेस्टचा पहिला प्रोसेसर सुरू होण्याआधी युजर-स्पेसनं काय ते ठरवावं, दाखवावं, झाकावं, मुखत्यार आहे. पण गेस्ट एकदा चालू लागला की बदल बंद. वरून कुणी बदलायला आलाच, तर कर्नल स्वच्छ नकार देईल. मंदारनं मुद्दाम चालत्या गेस्टखालून सोय काढायचा प्रयत्न करून पाहिला, एकदा, दोनदा, दहादा. प्रत्येक वेळी नकार. मग आधी ठरवून सुरू केलेला गेस्ट नव्या होस्टवरून जुन्यावर नेला, परत आणला, पुन्हा नेला. गेस्ट आपला खुशाल चालतोय. "ताई, पार्टी!" मंदार ओरडला.

"आधी पलीकडचा हो म्हणू दे," ती म्हणाली. पण त्या दिवशी तिनं सगळ्यांना कँटीनमधली कॉफी पाजलीच.

पलीकडचा हो म्हणायला वेळ लागला. एक नाव बदला, अमुक ओळ वर घ्या, असं चाललं. पण शेवटी बदल घेतला गेला, आणि राममूर्तींनी शब्द पाळला. सगळ्यांसमोर म्हणाले, "गेस्टनी खुशाल फिरावं." माणूस भानगडीला भितो, पण दिल्या शब्दाला पक्का.

आता घरचा निकाल राहिला होता. रविवारी जयंतीनं दोघा भावांना समोर बसवलं. यंत्राच्या सोयी झाकता येतात, ती म्हणाली, पण म्हाताऱ्या माणसानं एकदा धरलेली दांडी झाकायची नाही. ती दुसऱ्या घरीही लावायची. तिनं शुक्रवारीच मिस्त्री बोलावून तशीच जाड दांडी, तेवढ्याच उंचीवर, मांबलमच्या न्हाणीत बसवून घेतली होती. रत्नप्रभानं तिच्याकडची परत लावली होती. आपोआप वाहणारा नळ आणि आपोआप लागणारा दिवा मात्र रत्नप्रभानं साधे करायचं कबूल केलं, पण कधी? मामंजी मांबलमला गेल्यावर, ते नसताना. "आता कळलं मला," ती म्हणाली. कृष्णकांत उठून न्हाणीत गेला, दांडीला लोंबकळून पाहिलं आणि बाहेर येऊन म्हणाला, "येऊ देत अण्णांना."

अमावास्येला रिक्षा दाराशी थांबली. व्यंकोजीराव पिशवी घेऊन उतरले, पण घरात येईनात. चपला पायातच, उंबऱ्याबाहेर काठी टेकून उभे.

"या ना मामंजी, आत या."

"थांब. आधी सांग, न्हाणीत दांडी आहे?"

"आहे."

"नळ?"

"हातानं फिरवायचा."

"दिवा?"

"बटण दाबायचं. आपोआप लागत नाही."

"बरं. मी जाईतो यात काही बदलायचं नाही. कबूल?"

"कबूल," जयंती म्हणाली.

म्हाताऱ्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. मग चपला काढल्या, छत्री तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "आमचं सांध्याचं कुलूप तू कॉम्प्युटरात घातलंस म्हणे. क्लासला नेलं ते वाया गेलं नाही म्हणायचं. चल, कापी टाक. मग पुलावर जाऊन येऊ." आणि उजवा पाय पुढे टाकून घरात आले.