आज हात कुठं घालायचाय?

डॉ. दिगंबर सावळकर यांच्याशी माझी ओळख एका शिंकेने करून दिली. सेनगावच्या बसस्थानकासमोर मी औषधांचे दुकान थाटले, तेव्हा आपले गाव अजून परभणी जिल्ह्यात होते. उद्घाटनाचा नारळ हातात घेतला आणि मला ओळीने सात-आठ शिंका आल्या. शेजारच्या दवाखान्यातून एक उंच गृहस्थ बाहेर आले आणि म्हणाले, "भिंतींना नवा रंग दिलाय तुम्ही. खिडक्या उघडा, गोळी घेऊ नका." औषधाच्या दुकानातला पहिला सल्ला गोळी न घेण्याचा! मी मुळातच काळजीखोर. शेजारी हे असले डॉक्टर, मग आपले दुकान चालणार कसे, या विचाराने त्या दिवशी माझे जेवणात लक्ष नव्हते.

अमृतमहोत्सवाच्या या अंकात इतर मंडळी डॉक्टरसाहेबांच्या मोठ्या कामांबद्दल लिहितीलच. मी नाकापुरतेच लिहिणार आहे. मात्र त्यात माझी एक चूक येते. डॉक्टरसाहेब सोडून ती आजवर कोणालाच ठाऊक नाही.

कोणी दवाखान्यात येऊन "मला सायनस झालाय" म्हणाले की डॉक्टरसाहेब हसत. "सायनस सगळ्यांनाच असतो, सुजला का ते बघू." मग गालाची हाडे हलकेच ठोकायची, खाली वाकून डोके जड होते का ते विचारायचे, नाकातून घट्ट पिवळे येते की पाणी गळते ते बघायचे. घट्ट शेंबूड साचलेल्या माणसाला ते शिंकांची गोळी देत नसत. "आधीच घट्ट झालेलं आणखी वाळवून काय करायचं?" असे म्हणत वाफ घ्यायला सांगत. नुसत्या धुळीच्या शिंका असल्या तर चिठ्ठीवर पहिली ओळ ठरलेली : 'दस्ती ओली करून नाकाला बांधणे.' दस्ती म्हणजे साधा हातरुमाल, पण ती चिठ्ठी घेऊन लोक माझ्याकडे येत आणि विचारत, "ही दस्ती कोण्या कंपनीची हाय?"

पुढे आपल्याकडे सोयाबीन आले आणि सोयाबीनपाठोपाठ थ्रेशर आले. दसरा-दिवाळीच्या सुमारास गावोगाव मळणीचा भुसा उडू लागला आणि निम्मा तालुका शिंकू लागला. शिंका थांबवणाऱ्या गोळ्यांना आम्ही दुकानदार अँटिहिस्टामिन म्हणतो. गिऱ्हाइकांनी त्यांच्या दोनच जाती केल्या होत्या, कडक आणि फिकी. जी खाऊन डोळे मिटायला लागतात ती कडक, नव्याने आलेली कमी झोपेची ती फिकी. गुंगी आली म्हणजे औषध लागू पडले, हा सगळ्यांचा पक्का समज. लोकांचे सोडा, सही-शिक्क्याचा परवाना भिंतीवर लावून बसलेल्या माझाही समज तोच होता. म्हणून मी हौसेने कडक देत असे, तीही बिनचिठ्ठीची.

एका सकाळी सीताराम राठोड आले. तांड्यावरचे कष्टाळू शेतकरी. नाक लाल, डोळ्यांतून पाणी. एक बारकी पिवळी गोळी माझ्यासमोरच गिळून ते बाजारात गेले आणि घटकाभराने परत आले. "लागलीच न्हाई की हो. झोप कुठं येऊन राहिली? आजून एक द्या, कडक." मी दिली. त्यांनी तीही गिळली आणि जीपमध्ये बसून गेले.

थोड्या वेळाने डॉक्टरसाहेब काही कामाने दुकानात आले. मी कौतुकाने सांगितले, "साहेब, आज गोळीला लई मागणी. राठोडांनी दोन घेतल्या."

"कुठं गेले ते?"

"मळणीला. थ्रेशरच्या तोंडात सोयाबीनचा घास घालायला त्यांचीच पाळी आहे."

त्यांचा चेहरा इतका बदललेला मी तोवर पाहिला नव्हता. "प्रभाकर, तिथं हात घालावा लागतो," एवढेच ते बोलले. बाकावर रोगी बसलेले तसेच ठेवून त्यांनी स्कूटर काढली. मी मागे बसलो. वाटेत मला सीतारामांचे हात दिसत होते, दुकानाच्या काउंटरवर ठेवलेले, काळे, रुंद, अंगठ्याला चिंधी बांधलेले. तांडा जवळ आला तसा थ्रेशरचा घरघराट ऐकू येऊ लागला आणि माझ्या जिवात जीव आला. मशीन चालू आहे म्हणजे सगळे ठीक आहे. तेवढ्यात मशीन बंद पडले.

भर मळणीत मशीन मध्येच का बंद करतात, हे आपल्या भागात कोणाला सांगावे लागत नाही. उरलेल्या वाटेत मी नागनाथाला काय काय कबूल केले ते आता आठवत नाही. पुष्कळसे फेडायचे राहिले असेल.

सीताराम भुशाच्या ढिगाला टेकून बसले होते. सदऱ्याची उजवी बाही कोपरापासून फाटून मशीनमध्ये गेली होती. हात बाहेर होता. पेंगून त्यांचा तोल जात असताना पत्नीने, शांताबाईंनी, त्यांना कमरेला धरून मागे ओढले होते आणि कोणीतरी इंजिन बंद केले होते. आम्हाला पाहून सीताराम अर्धवट डोळ्यांनी हसले. "डाक्टरसायेब, आता लागली बगा गोळी. लई कडक!"

डॉक्टरसाहेबांनी त्यांची दहाही बोटे एकेक करून वाकवून पाहिली. शांताबाई घाबरून विचारत होत्या, "असं काहून झालं हो? कोनं दिली ती गोळी?"

मी तोंड उघडणार, इतक्यात डॉक्टरसाहेब म्हणाले, "या गोळीनं झोप येते, बाई. सांगायचं माझ्याकडून राहिलं."

येताना मी रडलो. त्यांनी स्कूटर थांबवली नाही, मला एका शब्दानेही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मात्र शिंकणाऱ्या प्रत्येकाला ते एकच प्रश्न विचारू लागले, "आज हात कुठं घालायचाय?" थ्रेशरमध्ये, जीपच्या स्टेअरिंगवर, कडबा कापायच्या यंत्रात, असे उत्तर आले की कडक गोळी बंद. फिकी दिली तरी बजावायचे, "हिनंही कोणाकोणाला झोप येते." नरसीच्या एका आजीबाईंनी "पिठात घालायचाय, दुसरं कुठं?" असे उत्तर दिले, तेव्हा अख्खा दवाखाना हसला होता. मी तोच प्रश्न पाटीवर लिहून दुकानात लावला. चिठ्ठीशिवाय कडक गोळी देणे त्या दिवसापासून बंद केले.

गेल्या महिन्यात डॉक्टरसाहेब स्वतःच शिंकत दुकानात आले. तांड्यावरच्या एका रोग्याला बघायला निघाले होते. पंचाहत्तरीत, त्याच स्कूटरवर! रस्त्यावरचे खड्डे मला आठवले. ते म्हणाले, "प्रभाकर, एक गोळी दे." मी धीर करून विचारले, "साहेब, आज हात कुठं घालायचाय?" मग खिशातून स्कूटरची किल्ली काढून त्यांनी काउंटरवर ठेवली.

मी स्कूटर चालवली, ते मागे बसले. तांड्याच्या वळणावर सीताराम शेतात उभे होते. आम्हाला पाहून त्यांनी लांबूनच रामराम घातला. "दोन्ही हातांनी केला ना?" डॉक्टरसाहेबांनी मागून विचारले. आता त्यांना लांबचे नीट दिसत नाही. मी म्हणालो, "व्हय साहेब, दोन्ही."

शांताबाई, त्या दिवशी सांगायचे माझ्याकडून राहिले होते, डॉक्टरांकडून नव्हे. गोळी मी दिली होती. आज सर्वांसमक्ष सांगितले.

डॉक्टरसाहेब, आपण शंभरी पार करावी, ठणठणीत राहून करावी. किल्ली माझ्याजवळच आहे. कुठेही जायचे झाले तर फक्त हाक मारावी.