उपग्रहाचा मुराळी

अतिनील किरणांतल्या ताऱ्यांवर संशोधन करायला बंगळूरला जाते म्हटलं, तेव्हा शिरपूरजवळच्या आमच्या घरात सगळे एकदमच बोलायला लागले. शेवटी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलं, "आठे बठीसन तारा दिसतस नही का?"

इथे बसूनही दिसतात. पण त्यांचा तो अतिनील उजेड दिसत नाही. आपल्या डोक्यावरची हवाच तो अडवते, म्हणून दुर्बीण हवेच्या वर न्यावी लागते. मी त्यांना पूर्वीच्या काही उपग्रहांचं सांगितलं. मोठं यान त्यांना वर सोडायचं, ते थोडे दिवस एकटे फिरून तारे टिपायचे, मग तेच यान त्यांना धरून घरी आणायचं.

"म्हणजे मुराळी," आई म्हणाली. आमच्याकडे आखाजीच्या सणाला सासरी गेलेल्या लेकीला आणायला माहेरचा माणूस जातो, तो मुराळी. इतकं सोपं मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं.

पण आबांनी ते माझ्यावरच उलटवलं. "तुले सासर शे का? जिले सासर नही, तिले लेवाले कोनी जात नही."

म्हणजे सासर नाही तिला आणायला कोणी जाणार नाही; गेलीस तर आखाजीचं माहेर संपलं. मला भयंकर राग आला, अजूनही येतो. लग्न करून गेलं तर आणायला माणूस, शिकायला गेलं तर दार बंद, हा कुठला न्याय? मी गेले.

तिथे कळलं, ती यानंही केव्हाच थांबली आहेत. हल्लीच्या दुर्बिणींना आणायला कोणी जात नाही, म्हणून त्या काही डोळे मिटून बसत नाहीत. मग मी तरी मुराळ्याची वाट बघत का बसू?

पहिल्याच आखाजीला जळगावला रेल्वेतून उतरले, बस धरली आणि गावी पोचले. दारातल्या निंबाला झोका बांधला होता. तो माहेरी आलेल्या लेकींचा. चुलत बहिणी पाळीची वाट बघत होत्या.

काकूने विचारलं, "तुले लेवाले कोन गयथा?"

"कोनीच नही," म्हणत मी पिशवी ओट्यावर टाकली आणि सरळ झोक्यावर उभी राहिले.

आबा तरातरा आले. "उतर. तो लेकीसना झोका शे."

"मंग मी कोन शे? जावाई?"

बायका फिसकन हसल्या. आबा हसले नाहीत. माझ्याकडे न बघता त्यांनी दोरी दोनदा ओढून पाहिली.

"दोर घट धर," म्हणाले.