सावधानमध्ये वाकायचं नसतं

आम्ही शाळेतल्या एनसीसी एअर विंगच्या जुन्या पोरी आळेफाट्याला चहाला जमलो, की किस्से कांदाचाळीतल्या कांद्यासारखे निघतात. एक उचलायला जावं, तर चार घरंगळत येतात. त्यातले बरेचसे प्रणालीचे. नववीत विमानात बसायचं खरं वेड तिलाच होतं. आम्ही बाकीच्या इस्त्रीच्या युनिफॉर्मवर आणि परेडनंतरच्या नाश्त्यावर भुललो होतो, खोटं कशाला बोलू!

*

पहिल्याच परेडला गावातले अण्णा काठी टेकत मैदानात आले. शाळेला जमीन दिलेला म्हातारा माणूस. आम्ही सावधानमध्ये. अण्णा पुढ्यात आले तशी पहिली ओळ पाया पडायला वाकली, मग दुसरी. सगळ्यांनी उरकून घेतलं आणि परत सावधान.

कवायत घेणारे गायकवाड सर कपाळाला हात लावून म्हणाले, "अगं, सावधानमध्ये वाकायचं नसतं. साक्षात देव आला तरी हलायचं नाही."

"ऱ्हाऊ द्या सर, गुणाच्या पोरी हायेत," अण्णा म्हणाले.

मग सर स्वतःच अण्णांच्या पाया पडले.

*

मग मॉडेलची गंमत. आमची शाळा खोडदजवळ. तिथल्या दुर्बिणी आकाशातल्या रेडिओ लहरी टिपतात, रिमोटनं त्यात गोंधळ होतो, त्यामुळे रिमोटचं विमान उडवायची सोय नाही. प्रणालीनं मग रबर पिळून उडणारं लाकडी विमान केलं. लई झकास उडालं, राव. आणि सरळ उसात गेलं.

उसात बिबट्या. सरांनी कुणाला पाऊल टाकू दिलं नाही. विमान मिळालं ते ऊसतोड आली तेव्हा, आणि एक पंख चावलेला. कुणी चावला, ते आम्ही विचारलं नाही.

प्रणालीचे वडील, दत्तूभाऊ, तो पंख बराच वेळ हातात धरून बसले. "रिकाम्या इमानाचे हे हाल. तू बसल्यावर काय व्हईल गं?"

*

पुढं कॅम्प ठरला. जाणार सगळ्याच, पण खऱ्या विमानात बसायला आमच्यातून एकटीची निवड झाली, प्रणालीची. घरच्यांनी समोर येऊन हो म्हणायचं, नाहीतर तिनं कॅम्पलाही यायचं नाही, ही सरांची अट. दत्तूभाऊ नाय म्हंजे नाय.

सर त्यांच्या फाट्यावरच्या पंक्चरच्या दुकानात समजूत घालायला गेले. दत्तूभाऊंनी दोनदा चहा पाजला, सरांच्या स्कूटरच्या दोन्ही चाकांत हवा भरून दिली, पैसे घेतले नाहीत. विमानाचं नाव निघालं, की मात्र टायर काढायला वळायचे. प्रणाली आठवडाभर डबाही वेगळी बसून खायची. मला तर तिच्याकडं बघवत नव्हतं.

*

निघायच्या सकाळी आम्ही फाट्यावर रांगेत उभ्या होतो. प्रणालीही बॅग घेऊन आली होती. घरून हो आलं नाही, तर तिथूनच माघारी जायचं होतं. गाडी लागली. सरांनी सावधान दिलं.

तेवढ्यात दत्तूभाऊ दुकानातून आले, हात तसेच ग्रीसनं काळे. लांबच्या प्रवासाला निघालेल्या गाडीभोवती टायर तपासत फिरतात तसे ते लेकीभोवती एकदा फिरले. मग तिच्या पुढ्यात खाली बसले. तिच्या बुटाची नाडी सोडली आणि ओढून पक्की बांधली. मग दुसऱ्या बुटाची.

प्रणाली वाकली नाही. नजर समोर, डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलेलं. मी शेजारीच होते.

दत्तूभाऊ उठले, पँटला हात पुसले आणि सरांना म्हणाले, "नाडी ढिली व्हती. आता जाऊ द्या तिला."