रॉय पेनफोल्डची सही

लंडनमधल्या क्रॉयडनच्या एका हॉलमध्ये रांग पुढे सरकत होती आणि देवयानीला वाटत होतं, ती सरकू नये.

फुटबॉलपटूंचे फोटो असलेल्या जुन्या कार्डांचा मेळा होता. टेबलांवर प्लास्टिकच्या पाकिटांत कार्डं मांडलेली, आणि हॉलच्या टोकाला एका खुर्चीत रॉय पेनफोल्ड बसलेला. एके काळचा बचाव फळीतला सेंटर-हाफ, आता पंचाहत्तरीचा, गुडघे गेलेला. तो सह्या देत होता. देवयानीच्या पुढे तिचे वडील, मुरलीधर सोमण, हातात पेनफोल्डचं कार्ड घेऊन उभे होते.

"बाबा, रांग खूप मोठा आहे. आपण घरी जाऊया का?"

"मोठी आहे," ते मागे न बघता म्हणाले. "थांबू."

मुरलीधर लंडनच्या दुसऱ्या टोकाला, हॅरोला राहतात. नोकरी सगळी बसगॅरेजमध्ये मेकॅनिक म्हणून झाली. सत्तरच्या दशकात बबलगमच्या पाकिटातून ही कार्डं यायची. मागच्या बाजूला नाणं घासलं की कोड्याचं उत्तर उमटायचं. लेकीसाठी म्हणून त्यांनी ती घ्यायला सुरुवात केली आणि स्वतःच त्यात गुंतले. आजही कुठलंही कार्ड समोर धरा. तो गडी कुठल्या पायाने मारायचा, रेफरीशी कसा भांडायचा, पुढे त्याने कुठे पब काढला, सगळं सांगतील.

पेनफोल्डची गोष्ट मात्र ते वेगळ्या आवाजात सांगत. देवयानी नऊ वर्षांची असताना ते तिला दक्षिण लंडनला मॅच बघायला घेऊन गेले होते. मॅचनंतर सही मिळावी म्हणून दोघं टीमच्या बसजवळ थांबले. चार गोरी पोरं आली. शिव्या, धक्के, मग लाथा. मुरलीधरांनी लेकीला छातीशी घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मार पाठीवर पडत होता. तेव्हा पेनफोल्ड बसमधून उतरला, ओरडला, आणि पोरं पळाली. गणपतीत, वाढदिवसांना, हळदीकुंकवाच्या दिवशी बाहेरच्या खोलीत बसलेल्या पुरुषांना, त्यांनी हे कितीदा तरी सांगितलं होतं.

देवयानीने ते प्रत्येक वेळी ऐकून घेतलं. पण त्या दिवशी बाबांच्या काखेखालून तिला बस दिसत होती. पेनफोल्ड पायरीवर उभा होता. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि वर चढला. दार लागलं. पोरं पळाली ती नंतर, कोपऱ्यावरून पोलिसाचा घोडा आला म्हणून. बाबांचं तोंड भिंतीकडे होतं, त्यांना हे कळलंच नाही, असं ती धरून चालली होती. कळू द्यायचं नाही, हेही तिने तेव्हाच ठरवलं होतं.

आता पुढे एकच माणूस उरला होता. पेनफोल्ड म्हणाला, आठवत नाही, तर बाबा काय करतील? आणि तिच्याकडे बघून त्याला खरंच आठवलं तर?

मुरलीधर पुढे झाले. कार्ड टेबलावर ठेवलं आणि इंग्रजीत, सावकाश, सगळं सांगितलं. मॅच, बस, चार पोरं. मागची माणसंही ऐकू लागली. शेवटी ते म्हणाले, "तुम्ही बसच्या दारात होता. आठवतं?"

पेनफोल्डने त्यांच्याकडे पाहिलं, मग देवयानीकडे. कपाळावर एक आठी आली आणि गेली.

"आठवतंय तर," तो हसला. "दोघांना मीच हाकललं. तसलं मला कधी खपायचं नाही, सर."

मागे कुणीतरी टाळी वाजवली. देवयानी टेबलाकडे झुकली तेवढ्यात मुरलीधरांनी तिचं मनगट पकडलं. पकड इतकी घट्ट होती की तिला दुखलं.

"चल," ते मराठीत म्हणाले. कार्ड टेबलावरच राहिलं.

परतताना कार देवयानी चालवत होती. ट्रामसाठी सिग्नल लाल होता.

"चार होते," मुरलीधर म्हणाले. "मी त्याला चार सांगितले. तो म्हणाला, दोघांना हाकललं."

देवयानीने हँडब्रेक ओढला. "बाबा, तो उतरला नाही. मी बघितलं."

"माहीत आहे."

"तुमचं तोंड भिंतीकडे होतं."

"दाराचा आवाज ऐकला ना. बसचं दार उघडतं कसं आणि लागतं कसं, ते मला झोपेतसुद्धा कळतं. ते लागलं होतं."

मागची गाडी हॉर्न देत होती. देवयानीने सिग्नल ओलांडला आणि पहिली जागा दिसली तिथे कार थांबवली. "मग इतकी वर्षं का सांगितलं?"

"घरी आल्यावर तू विचारलंस, बाबा, आपल्याला कुणीच का नाही वाचवलं? मी काय सांगणार होतो? पुढच्या शनिवारी तुला पुन्हा न्यायचं होतं. आपणच मॅच सोडून द्यायची, हे मला मान्य नव्हतं. मग सांगत राहिलो."

"आणि आज?"

"आज वाटलं, आठवत नाही म्हणेल. नाहीतर खरं बोलेल. दोन्ही चाललं असतं."

देवयानीला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो राग, आणि तो कुणावर हे तिला कळेना. बाबांच्या भाबडेपणाची तिला वर्षानुवर्षं लाज वाटत आली होती. आता त्या लाजेचं काय करायचं, तेही समजेना.

"ती पोरं मी पाहिलीच नाहीत," मुरलीधर म्हणाले. "कशी होती?"

"लहान होते, बाबा. सोळा-सतरा. एक खूप घाबरलेला होता, तो लांबच उभा होता."

"आणि तू? मला वाटायचं, तू डोळे मिटले होतेस."

"नाही. सगळं बघत होते."

मुरलीधरांनी मान हलवली. मग सीटबेल्ट काढून तिच्याकडे वळून बसले. "सांग मग," ते म्हणाले. "पहिल्यापासून सांग."