लोटनआबांची बारव

पारोळ्याच्या पुढं आडवाटेला एक गाव आहे. तिथल्या जुन्या बारवेत, म्हणजे पायऱ्यांच्या खोल विहिरीत, लोटनआबांनी अडतीस वर्षं परगावची माणसं उतरवली. बोलण्यात आबांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. दगडाला बोलतं करतील असा माणूस! घरी बायको, भिकुबाई, म्हणायची, "उरलंसुरलं बोलणं तेवढं माझ्या वाट्याला येतं."

बाराव्या पायरीला मात्र घात होता. तिथं बारमाही शेवाळ, आणि खालची पायरी अर्धी निखळलेली. तिथं आले की आबा पाहुण्याचं मनगट गच्च धरत. तोंडानं मात्र महिरपीवरच्या दगडी मोराची गोष्ट चालूच. बाईमाणूस घाबरायला नको, म्हणून पायरीचं नावही काढत नसत. अडतीस वर्षांत एकालाही खरचटलं नाही. आबांची सारी पुण्याई ती एवढीच, आणि तिचा त्यांना भारी ताठा.

मग जळगावचा भूषण आला. इंजिनिअर पोरगा, स्वभावानं गरीब. म्हणाला, "आबा, तुमच्या गोष्टी मोबाईलमध्ये भरू. माणूस कानात हेडफोन घालील आणि तुमच्या आवाजामागं एकटा फिरेल." आबा हरखले. जळगावला एका बंद खोलीत, खुर्चीवर बसून, डोळे मिटून त्यांनी अख्खी बारव सांगितली. एक खांब सुटला नाही. येताना एसटीत कंडक्टरच्या कानाशी फोन धरून स्वतःचाच आवाज ऐकवत म्हणाले, "हाऊ मना आवाज शे!"

अहो, पण खुर्चीत बसून मनगट कुणाचं धरणार? बाराव्या पायरीला आबा नेहमीसारखं बोलून गेले, "आता वर मोराकडं बघा, आणि बिनघोर खाली या." जळो तो मोर!

फेब्रुवारीत जळगावच्या कुंदाबाई आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्याच. फोन असल्यावर सोबत कशाला हवी? आबा त्या दिवशी नरडाण्याला लेकीकडं गेलेले. संध्याकाळी परतले तर वेशीवरच कळलं, एक बाई बारवेत पडली. कुठल्या पायरीवर, हे आबांनी विचारलंच नाही.

भूषणनं त्याच दिवशी तो आवाज काढून टाकला. रडत म्हणाला, "आबा, मीच एकदा चालून बघायला हवं होतं." पण पोराच्या रडण्यानं बाईंचे पाय थोडेच परत येणार होते? मणका मोडला होता. कमरेखाली जीव उरला नव्हता.

आबा धुळ्याला दवाखान्यात गेले. माफी मागायची, एवढी एकच आस. ती मिळाली तर पुढचे दिवस कसेतरी ढकलता येतील, असं त्यांना वाटत होतं. वाटभर शब्द जुळवत गेले. खाटेशी बाईंची मुलगी सारिका बसली होती. बाईंचे डोळे मिटलेले.

"बाई, मी..." आबा एवढंच बोलले.

बाईंनी खाडकन डोळे उघडले. दोन्ही हातांनी खाटेचा लोखंडी कठडा घट्ट धरला, बोटं पांढरी पडेपर्यंत.

"सारिका," त्या कापऱ्या आवाजात म्हणाल्या, "यांना बोलू देऊ नको गं. मी पुन्हा पडेन."

आबांनी तोंडावर उपरणं दाबलं आणि ते बाहेर आले.