दादाची शनिवारची हजेरी

माझा मोठा भाऊ भांडुपच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये होता. शेकडो सुट्या भागांचे नंबर त्याला तोंडपाठ होते. समोरच्याच्या मनात काय आहे, हे मात्र कधी कळायचं नाही. आज याला स्वमग्नता म्हणतात. ऐंशीच्या दशकात आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये त्याला विक्षिप्त म्हणत. आई-वडील गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो होतो.

त्याच्यासोबतच्या तिघांनी पतपेढीतून कर्ज काढलं आणि जामीनदार म्हणून दादाची सही घेतली. तिघेही नोकरी सोडून गेले आणि नोटीस आमच्या घरी आली, तेव्हा मला हे समजलं.

"सही का केलीस?"

"इथे कर म्हणाले."

"आणि पैसे कोण भरणार?"

"ते भरणार म्हणाले ना."

वसुलीचा माणूस दर आठवड्याला यायला लागला. एका दुपारी मी ऑफिसात असताना त्याने जिन्यात दादाचा हात धरला. दादाला स्पर्श सहन होत नसे. आईसुद्धा त्याला विचारूनच डोक्याला तेल लावायची. दादाने त्या माणसाला जोरात ढकललं. तो माणूस चार पायऱ्या गडगडला, मनगट मोडलं. मी पोलीस ठाण्यात पोचले तेव्हा दादा कानांवर हात घट्ट दाबून बसला होता.

कोर्टात काय बोलायचं ते वकिलांनी पढवलं होतं: तोल गेला म्हण. मॅजिस्ट्रेटनी विचारल्यावर दादा म्हणाला, "मी ढकललं. त्यांनी हात धरला होता. तीनदा सोडा म्हटलं, सोडला नाही."

वकिलांनी मान खाली घातली. मॅजिस्ट्रेटनी, तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडता येईल का, याबद्दल प्रोबेशन ऑफिसरचा अहवाल मागवला.

प्रोबेशन ऑफिसर एक बाई होत्या. त्या घरी आल्या, तासभर बसल्या. दादा आपणहून बोलेपर्यंत थांबल्या. निघताना मला विचारलं, "तुमच्याकडे येतं-जातं कोण?"

"कुणी नाही," मी म्हटलं. त्यांनी तेही लिहून घेतलं.

तुरुंग टळला. वर्षभराचा चांगल्या वर्तणुकीचा बाँड, आणि दर शनिवारी, दादाच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळपासून बारापर्यंत बाईंच्या ऑफिसात हजेरी. हमी म्हणून मी सही केली. कर्जाचे हप्ते दादाच्या पगारातून कापायचे, घरी कुणाला पाठवायचं नाही, हे बाईंनीच पतपेढीत जाऊन ठरवून दिलं. मला सांगून आलेलं एक स्थळ कोर्टाचं ऐकून परस्पर फिरलं. मामांकडून गणपतीचं बोलावणं आलं नाही. ऑफिसात कुणी घरचं विचारू नये म्हणून मी डबा एकटीच खायला लागले.

दादाने एकही शनिवार चुकवला नाही. बाई त्याला जुनी रजिस्टरं क्रमाने लावायला देत. घरी आल्यावर तो मला त्यांचे नंबर सांगायचा, आणि मी भाजी चिरत ऐकायचे.

वर्ष संपलं. पुढच्या शनिवारी तो पुन्हा निघाला.

"दादा, शिक्षा संपली रे."

"रजिस्टरं संपली नाहीत."

तो गेलाच. बाईंची बदली झाली होती. नव्या साहेबांनी त्याला बाहेरूनच परत पाठवलं. "यादीत माझं नाव नाही म्हणाले," एवढंच तो बोलला.

कर्ज फिटायला आणखी तीन वर्षं लागली. तोवर दर शनिवारी तो सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसायचा आणि बारा वाजले की उठून कपडे बदलायचा.