चिलेक्वांच्या छातीवरची काळी जागा

देवाने माणसाला जगाशी बांधले ते श्वासाच्या एका दोरीने. ती दोरी क्षणभर हलू न देणे, हे किटवेच्या कालुबांचे आयुष्यभराचे काम. तांब्याच्या खाणींच्या या शहरातल्या मोठ्या इस्पितळात एमआरआयचे यंत्र आले, तेव्हापासून ते चालवणारे तंत्रज्ञ तेच. छाती हलली की चित्र पुसट होते. म्हणून काचेपलीकडून ते बेंबा बोलीत हळुवारपणे श्वास थांबवायला सांगत, बोटांवर वीसपर्यंत मोजत आणि मोजताना स्वतःचाही श्वास रोखून धरीत. रोग्याला एकटे वाटू नये, एवढाच हेतू.

जुलैत, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, त्यांच्याकडे चिलेक्वा आले. तीस वर्षे जमिनीखाली खडक फोडलेला माणूस. उजव्या फुफ्फुसात गाठ होती आणि गाठ कर्करोगाची आहे, इथवर डॉक्टरांचे एकमत होते. कोणत्या जातीची, हे मात्र कळत नव्हते. एका जातीत बारीक पेशी बाजारातल्या गर्दीसारख्या दाटलेल्या असतात. तिथे सुरी उपयोगाची नाही, औषधच तातडीने सुरू करावे लागते. दुसऱ्या जातींत पेशींना थोडी मोकळीक असते. तिथे गाठ वेळेवर कापली तर माणूस वाचूही शकतो. एरवी सुईने गाठीचा कण काढून हा निवाडा होतो. पण ही गाठ मोठ्या रक्तवाहिनीला बिलगून बसलेली. सुई घालायला कोणी धजेना. आता उपाय एकच उरला. दाटीत पाण्याचा कण हलू शकत नाही, मोकळीकीत हलतो; आणि हे हलणे, न हलणे यंत्राला दिसते. निवाडा यंत्राकडे आला, म्हणजेच कालुबांकडे आला.

"बाताता, श्वास रोखायला जमेल ना?" त्यांनी वडिलांना हाक मारावी तसे विचारले.

"खाणीत सुरुंग उडाला की धूळ बसेपर्यंत कोण श्वास घेतं?" चिलेक्वा म्हणाले. "तुझ्या नळीत तर धूळही नाही. तूच दमशील, बघ."

बाजूला उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी म्वापे हसल्या नाहीत. यंत्र म्हणजे भले मोठे लोहचुंबक, म्हणून शरीरात कुठे लोखंड आहे का, हा नेहमीचा प्रश्न झाला. दोघांनीही नाही म्हटले. पट्टा निघाला, अंगठी निघाली, खिसे रिकामे झाले. सदरा उतरला तेव्हा छातीवर ब्लेडच्या बारीक चिरा दिसल्या. कालुबांनी त्या पाहिल्या आणि विचारले काही नाही. औषध चोळण्यासाठी मारलेल्या अशा चिरा त्या मुलखात कोणाच्या अंगावर नाहीत? कालुबांच्या छातीवरही होत्या, लहानपणी आत्याने मारलेल्या. रोज जे दिसते, ते डोळ्यांना दिसेनासे होते.

यंत्र सुरू झाले. वीस आकडे झाले, चित्र उमटले, आणि जिथे गाठ असायची नेमकी तिथे काळे भगदाड! भोवतालच्या रेषा वाकड्या, पाण्यात पडलेल्या काठीसारख्या. कालुबांनी पुन्हा श्वास मागितला, पुन्हा चित्र घेतले. पुन्हा तेच. एवढ्यात आतून चिलेक्वा शांतपणे म्हणाले, की छाती गरम होते आहे. कालुबांनी यंत्र थांबवले, धावत जाऊन त्यांना बाहेर काढले आणि दिव्याखाली त्या चिरा प्रथमच नीट पाहिल्या. दोन ओळी, अकरा चिरा, ताज्या. कडांना काळपट झाक.

"यात काय चोळलंय, बाताता?"

चिलेक्वांनी मान फिरवली. दिलेले औषध बोलून दाखवले की मरते, अशी तिथली श्रद्धा. आणि त्यांना जगायचे होते. कालुबा बाहेर म्वापेंकडे गेले. त्यांचीही तीच श्रद्धा. कालुबा रागावले नाहीत, दटावले नाहीत. आईच्या पायाशी बसावे तसे जमिनीवर बसले. तेव्हा कुठे म्वापे बोलल्या. वैद्याने जुन्या कुदळीचे पाते घासून त्याची भुकटी दिली होती. रोग लोखंडाला भितो. दुखते तिथे, बरोबर त्यावर, चोळायची होती. तीन दिवस त्यांनी स्वतःच्या बोटांनी चोळली होती.

"तुम्ही लोखंडाचं विचारलंत," त्या म्हणाल्या, "हे तर औषध होतं. तुमच्या फोटोत आडवं आलं का?"

कालुबांनी मान डोलावली.

"मग ब्लेड द्या मला. मी घातलं, मीच काढते."

हे देवा, ज्या बोटांनी माया केली त्याच बोटांनी रोगावर पडदा टाकावा, आणि पडदा दिसत असूनही तो कोणाला ओढता येऊ नये! भुकटी मांसात मुरली होती. कालुबांनी राजधानीतल्या जाणत्यांना विचारले; भाजण्याची भीती उरणार नाही अशा सौम्य रीतीने, थांबत थांबत, आणखी काही चित्रे घेतली. गाठीची कड दिसली. आतले पाणी दिसले नाही. कर्करोग आहे, हे तर ठाऊकच होते. शेवटी त्यांनी अहवालात लिहिले, की जात ठरवता येत नाही. वीस वर्षांत इतके छोटे वाक्य लिहायला त्यांना इतका वेळ कधी लागला नव्हता.

डॉक्टरांनी अंदाजाने औषध सुरू केले. अंदाज बरोबर असेल तर उत्तम. चुकला असेल, तर कापून वाचवण्याचे दिवस रोज एकेक करून निसटत होते.

सहा आठवड्यांनी कालुबा चिलेक्वांच्या घरी गेले. चिलेक्वा भिंतीला टेकून बसले होते, निम्मे झालेले. औषध लागू पडते आहे की रोगच खातो आहे, चेहऱ्यावरून कळत नव्हते. अंगणात त्यांच्या दोन बहिणी वेगळ्या चुलीवर रांधत होत्या. गोष्ट गावभर झाली होती. त्या घरात आता म्वापेंच्या हातचे कोणी खात नव्हते. नवऱ्याच्या छातीत लोखंड घालणारी बाई आणखी काय घालील, असे बहिणी उघड बोलत.

"ही रोज माझ्यापुरतं करते, आणि मी खातो," चिलेक्वा म्हणाले. "पण मी खाल्लेलं कोण गणतीत धरतं? दुखणाइताचं तोंडच कडू, त्याला काय कळणार म्हणतात."

म्वापेंनी हळूच विचारले, "बा कालुबा, कोणती जात होती ते पुढंमागं कळेल का हो?"

"नाही सांगता येत, बामायो," कालुबा आईला म्हणावे तसे म्हणाले.

"मी भुकटी चोळायच्या आधी कळलं असतं?"

कालुबा जेवायला मांडी घालून बसले. त्यांनी धुवायला हात पुढे केले. म्वापेंनी पाणी घातले, मग न्शिमाचे, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीचे, गरम गोळे आणि भोपळ्याच्या पाल्याची भाजी समोर ठेवली. अंगणातल्या बहिणी दाराकडे बघत राहिल्या. कालुबांनी घास मोडला, भाजीत बुडवला आणि त्यांच्या देखत ताट संपेपर्यंत सावकाश जेवले. त्या घरासाठी त्यांना एवढेच करता आले.